पासबुकातली ४३६ ची ओळ

बडोद्यात विम्याचं काम करून मला आता एकोणीस वर्षं होतील. दांडिया बाजारात आमच्या घराचीच पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस, क्लायंट जास्त करून मराठीच, बाबाजीपुऱ्यातले, वाडीतले, आणि त्यांची मुलं जी आता समा, कारेलीबाग, मांजलपूरला राहायला गेलीत ती. डेथ क्लेम खूप केलेत, पण २०२४ च्या सप्टेंबरमधला एक गुरुवार अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय.

त्या वर्षीचा पूर बडोदेकरांना सांगायला नको. जन्माष्टमीला पाऊस लागला तो थांबेचना, विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी गेलं ३७ च्या वर. सोसायट्यांमधे मगरी आल्या. पाणी उतरल्यावर माझा फोन सकाळी सहाला सुरू व्हायचा तो रात्री अकरापर्यंत. निम्मे फोन गाड्यांचे, आणि प्रत्येकाला मी एकच सांगत होते की सेल्फ मारू नका, गाडी टो करून वर्कशॉपला न्या, कारण इंजिनात पाणी असताना स्टार्ट केली तर इंजिन जातं आणि इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नसेल तर तो खर्च कंपनी बहुतेक देतच नाही. पण दहातल्या सात जणांनी आधी सेल्फ मारून बघितलेला असायचा आणि मग मला फोन.

तर तो गुरुवार, गणपतीला दोन दिवस राहिले होते. समाला एका वहिनींकडे जायचं होतं. त्यांचे मिस्टर, मी त्यांना दादाच म्हणायचे, मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होते, सोळा वर्षं एकाच ठिकाणी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अंघोळीला गेले आणि बाथरूममधेच हार्ट अटॅक. वय ४६. मागे वहिनी, मुलगी पंधराची, मुलगा अकराचा आणि दादांची आई. महिना नाही झाला तर त्यात हा पूर, तळमजल्याचं टेनामेंट, पाणी कमरेच्या वर.

मी जायला घाबरत होते, खरं सांगते. कारण दादांची २५ लाखांची टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारी, माझ्याकडूनच होती आणि ती लॅप्स झाली होती, प्रीमियम न भरल्यानं बंद पडली होती. जानेवारीत वार्षिक प्रीमियम ड्यू होता, तीस दिवसांची जास्तीची मुदत, ग्रेस पिरियड, फेब्रुवारीत संपली, मी एक व्हॉट्सॲप टाकला, त्यांनी उत्तर दिलं "ताई, मुलीच्या क्लासची फी भरायची आहे, दोन महिन्यांत करतो" आणि मी बरं म्हटलं. रिव्हायवल, म्हणजे बंद पॉलिसी परत सुरू करणं, पाच वर्षांपर्यंत करता येतं, हेल्थ डिक्लेरेशन द्यावं लागतं आणि व्याजासकट प्रीमियम, पण होतं, मला सगळं माहीत होतं. एक फोन करायला हवा होता, घरी जाऊन बसायला हवं होतं. नऊ हजारांच्या आसपास प्रीमियम होता वर्षाचा. टर्मला सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी सोडताना परत मिळणारे पैसे, वगैरे काही नसते, बंद म्हणजे बंद.

गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूला गाद्या, सोफे, फुगलेल्या प्लायवुडची कपाटं, फ्रिज, सगळं रस्त्यावर. शेजारचे एक गुजराती काका मला ओळखतात, ते धावत आले, "बेन, आ बधुं फेंकी दीधुं, हवे शुं करवानुं?" त्यांची भारत गृह रक्षा होती, घर आणि सामान दोन्हीची. २०२१ पासून ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात, सामानाची यादी न देता घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामान आपोआप धरलेलं असतं. काकांना हे माहीतच नव्हतं आणि नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत सामान कॉर्पोरेशनच्या ट्रॅक्टरमधे. मी म्हटलं जे उरलंय त्याचे आत्ताच्या आत्ता फोटो काढा, फ्रिजच्या मागची नंबरची पट्टी दिसेल असा फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेषा काढा, आणि एक वस्तू हलवू नका. काकांच्या मुलानी फोटो घेतले होते म्हणून नंतर निम्म्याहून जास्त तरी मिळालं त्यांना.

वहिनींच्या घरात वास, चिखलाचा आणि फिनाईलचा. भिंतीवर कमरेच्या वर तपकिरी रेषा सरळ चारी बाजूंनी. एरवी गणपतीसाठी जिथे चौरंग मांडतात तो कोपरा मोकळा, यंदा नव्हताच गणपती त्यांच्याकडे. आजी, म्हणजे दादांची आई, वरच्या पायरीवर बसलेल्या. आणि खोलीभर दोऱ्या बांधून कपड्यांचे चिमटे लावून कागद वाळत घातलेले. दादांचे सगळे कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एका प्लास्टिकच्या फाईलमधे होते आणि फाईलमधे पाणी शिरून राहिलं होतं.

मी बसले आणि आधीच सांगून टाकलं. वहिनी, ती पॉलिसी बंद झाली होती, आणि माझी चूक आहे त्यात, मी पाठपुरावा केला नाही. त्यांनी फक्त मान हलवली. म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं ताई पॉलिसी आहे म्हणून, तर बंद झाली ह्याचं काय वाटणार." हे मला सगळ्यात जास्त लागलं. सहा वर्षं दादा प्रीमियम भरत होते आणि घरात बायकोला ठाऊक नाही, आणि मी पण कधी म्हटलं नाही की वहिनींना बोलवा, सही करताना त्यांनाही बसू द्या. आपल्याकडे असंच चालतं, पुरुषानी कागद कपाटात ठेवला की झालं.

मग म्हटलं बघू तरी काय काय आहे. पासबुक अजून ओलं होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. वहिनींनी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि मी सुरीच्या पाठीनं एकेक पान हळूहळू सोडवलं, कडेला फाटलं, पण बँकेच्या प्रिंटरची अक्षरं तशीच होती. पगार, गॅसचं बिल, एटीएम, फी, एटीएम. आणि २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी दोन ओळी, एक २० रुपये आणि एक ४३६ रुपये.

माझा हात थांबला तिथेच. ४३६ म्हणजे जीवन ज्योती. पंतप्रधानांच्या नावाची योजना आहे, २०१५ मधे सुरू झाली, वर्षाला ४३६ रुपये खात्यातून आपोआप कापले जातात मे महिन्याच्या शेवटी, आणि एक जून ते एकतीस मे २ लाखांचं कव्हर, मृत्यू कशानेही होवो. मागची पानं सोडवली, २०२२ च्या आधीच्या वर्षांत ३३० कापलेले, तेव्हा तेवढाच प्रीमियम होता. म्हणजे दादांनी कधीतरी बँकेत फॉर्मवर टिक केली असणार आणि विसरून गेले असणार. ५० वर्षांपर्यंत घेता येते, ५५ पर्यंत चालू ठेवता येते.

वहिनींनी विचारलं, "आणि हे वीस?" तिथे मला नाही म्हणावं लागलं, ते सुरक्षा बीमाचे, फक्त अपघाताचे, हार्ट अटॅकला लागू होत नाहीत. त्यांचा चेहरा बघून वाटलं उगाच दोन्ही ओळी एकदम दाखवल्या.

त्याच फाईलमधे एक पगाराची स्लिप होती, त्यावर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, आणि पीएफची कपात. मी विचारलं कारखान्यात गेला होतात का. म्हणाल्या गेले होते, पीएफचं म्हणाले होऊन जाईल, आणि नॉमिनी आई आहेत तर त्यांना सहीला आणा. ईडीएलआयचं, म्हणजे पीएफबरोबरच्या विम्याचं, कुणी बोललं? नाही. मला राग आला, मनापासून राग. ज्याचा पीएफ कापला जातो त्याचा त्याबरोबर विमाही असतो, कामगाराच्या पगारातून एक रुपया जात नाही, मालक भरतो, आणि नोकरीत असताना माणूस गेला तर जास्तीत जास्त ७ लाख. हिशोब असा की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या, तोही १५ हजारांपर्यंतच धरतात, ३५ पट म्हणजे सव्वापाच लाख, अधिक पीएफच्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम पावणेदोन लाखांपर्यंत. त्यासाठी फॉर्म ५ आयएफ भरायचा. पीएफ वेगळा, वहिनींची विधवा पेन्शन आणि दोन्ही मुलांची पंचवीस वर्षांपर्यंतची पेन्शन वेगळी. सोळा वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या बायकोला हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

आता नॉमिनीचं. दादा कारखान्यात लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं, आईचं नाव घातलेलं, ते तसंच. हे ऐकल्यावर खोलीत एकदम शांतता झाली. वहिनी खाली बघायला लागल्या आणि आजी पायरीवर ताठ झाल्या. मला ही शांतता ओळखीची आहे, ह्याच शांततेतून घरं फुटलेली बघितलीयत मी. म्हणून मी आजींकडेच तोंड करून सांगितलं की आजी, पीएफच्या नियमात लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं, नवीन भरायचं असतं, ते दादांनी भरलं नाही. अशा वेळी बायको, अज्ञान म्हणजे अठराच्या आतली मुलं आणि मुलावर अवलंबून असलेली आई, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे चार वाटे, तुमचाही एक आहे. पण कागदावर लग्नाची तारीख दाखवावी लागेल.

लग्नाचं सर्टिफिकेट काढलेलंच नव्हतं त्यांनी. आजी उठल्या, काही बोलल्या नाहीत, जिना चढून माळ्यावरच्या देवघरात गेल्या, बराच वेळ खुडबुड ऐकू आली. खाली आल्या तेव्हा हातात एक लग्नपत्रिका होती, हळदीकुंकवाची बोटं लागलेली, कोरडी ठणठणीत. सूनबाईच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "ह्यावर तारीख आहे बघ. चालेल का हे?"

पत्रिका एकटी नाही चालत खरं तर, ॲफिडेविट लागलं, लग्नाची नोंद मागाहून करावी लागली, फोटो, भटजींची सही, कॉर्पोरेशनचे चार फेरे. पण त्या दिवशी मी म्हटलं चालेल आजी.

नंतरचं थोडक्यात. बँकेत क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, वहिनींचं आधार, तिथे नॉमिनी वहिनीच होत्या, २ लाख दिवाळीच्या आधी जमा झाले. पीएफवाल्यांकडून दोन वेळा फॉर्म परत आला, एकदा दादांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना म्हणून. ईडीएलआयचे ६ लाख ८० हजारांच्या आसपास जानेवारीत आले, पेन्शन त्याच्या पुढे. २५ लाख असते तर आज तो हिशोब वेगळा असता, हे मी विसरत नाही. आता प्रीमियम चुकला की मी मेसेज करत नाही, घरी जाते, आणि नवरा-बायको दोघं समोर असल्याशिवाय फॉर्म भरत नाही, त्यामुळे दोनचार क्लायंट चिडलेत, चिडू देत.

गेल्या मे महिन्यात वहिनी स्वतः ऑफिसला आल्या. बँकेतून ४३६ चा फॉर्म आणला होता स्वतःसाठी, अक्षर अगदी जपून काढलेलं. नॉमिनी मुलगी. ती अज्ञान म्हणून अपॉइंटीचं, म्हणजे तिच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं, नाव लागतं, तिथे त्यांनी सासूबाईंचं लिहिलं होतं. मी म्हटलं वहिनी, आजी चौऱ्याहत्तरच्या झाल्या, तुमच्या भावाचं घाला, व्यवहाराला बरं पडेल. त्यांनी फॉर्म माझ्याकडून परत घेतला, घडी करून पर्समधे ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बदलू ताई. ह्या वर्षी त्यांचंच राहू दे."