दाखल्यावरचा ‘द.’ आणि पणजोबांचा शोध

जुन्या दाखल्यावर ‘जि. द. सातारा’ असं लिहिलेलं असेल, तर साताऱ्याची एसटी पकडू नका. तो ‘द.’ म्हणजे दक्षिण. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. आजोबांच्या 1953 च्या दाखल्यावरचा तो ‘द.’ आमच्या घरात सगळ्यांनी शाईचा डाग समजला. चुलते तर छातीठोकपणे सांगायचे, “आपलं मूळ साताऱ्यात.”

त्यापायी दोन दिवस पाण्यात गेले. एका कचेरीबाहेर एजंट भेटला. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतली, पणजोबांच्या मृत्यूची नोंद काढून देतो, मोडीही वाचून देतो म्हणाला आणि 1800 रुपये आगाऊ घेतले. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात ठेवली. नाव तेच, आडनाव तेच, बापाचं नाव भलतंच. विचारलं तर म्हणे, “मोडीत असंच लिहीत.” साफ खोटं. मोडीत शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, हे खरं. पण त्यामुळे रामाचा गोविंदा होत नाही! पैसे परत मिळाले नाहीत. मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नका. बापाचं नाव, भावाचं नाव, गाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती नोंद आपली. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं सहज निघतात.

दुसरी अडचण मला कुणीच सांगितली नव्हती. आजोबांचं दाखल्यावरचं गाव कुंडल, आजच्या सांगली जिल्ह्यातलं, 1948 पर्यंत औंध संस्थानात होतं. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, मधे इंग्रजी हद्द. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन वेगळ्या राजवटींचे. आपलं गाव तेव्हा कुणाच्या हद्दीत होतं, हे ठरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मी औंधलाही जाऊन आलो. यमाईचं दर्शन झालं, संग्रहालय पाहिलं, दिवस चांगला गेला, पण शोधाला त्याचा उपयोग झाला नाही.

कुंडलला जायचं तर रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरा. या स्टेशनाचं जुनं नावच कुंडल रोड. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर इथे घडले. मी स्टेशनावरून चालत गेलो. मे महिन्यात हे करू नका, डोकं भणभणतं.

आणि मग जे मिळालं ते तालुक्याच्या कचेरीत नाही, गावातल्या शाळेत. कोतवाल बुकाच्या मागे धावण्याआधी शाळेचं जनरल रजिस्टर बघा, हे मी आता कुणालाही सांगेन. आजोबांचं नाव, जन्मतारीख आणि पुढे पालकाचा धंदा: मोल्डर, किर्लोस्करवाडी. मी तीनदा वाचलं. घरात सगळे पणजोबांना शेतकरीच म्हणत आले. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतणारा माणूस, आणि आम्हाला पत्ता नाही.

तिथूनच आत्याला फोन लावला. पणजोबांच्या पायांवर गोल पांढरे डाग होते, लहानपणी देवी आल्या म्हणून, असं ती सांगायची. मी ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “आरं, मग देवी नव्हत्या त्या. देवी काय नुसत्या पायावर येत्यात व्हय?”

रजिस्टरचा फोटो काढू देतील असं धरून चालू नका. अर्ज, आधार कार्ड आणि आपलं नातं दाखवणारे कागद बरोबर ठेवा, उतारा मागा. शाळा सकाळची असेल तर दहाच्या आत पोचा. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

पणजोबांच्या मागची पिढी आता हेळव्याच्या, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याच्या, वहीत शोधायची आहे. सुगी झाल्यावर ते आमच्या गावाकडे येतात. या वेळी आडनावाबरोबर ‘कुंडल’ हे नावही सांगणार आहे.