तुम्ही विचारलंत म्हणून : दोष ताणाचा की मिठाचा?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो हे कळले की लोक हमखास विचारतात : ‘कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक, मग रक्तदाब ताणानेच वाढतो ना?’

प्रश्नात तथ्य आहे. कॉर्टिसोल असते म्हणूनच रक्तवाहिन्या ॲड्रिनॅलिनला नीट दाद देतात. ते फारच कमी पडले तर माणसाला उभे राहताच भोवळ येऊ शकते. पण कॉर्टिसोल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीची रक्तदाबावरची खरी पकड मला मिठात दिसते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे सोडियम परत घेतात. उरलेल्या थोड्याशा सोडियमचे काय करायचे, हे याच ग्रंथीचे दुसरे संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, ठरवते. दाब उतरला की मूत्रपिंडातून रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, ते अधिवृक्काच्या सर्वांत बाहेरच्या थराला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते, आणि मग सोडियमबरोबर पाणीही शरीरात राहते. पोटॅशियम मात्र लघवीवाटे जाते.

गंमत पुढे आहे. अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या ज्या जागी बसून ते काम करते तिथे, कॉर्टिसोलही तितक्याच घट्टपणे बसू शकते, आणि रक्तात ते असते शेकडो पट अधिक. तरीही ते ही जागा बळकावत नाही, कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींमधले एक विकर (एन्झाइम) त्याचे कॉर्टिसोन करून टाकते, आणि कॉर्टिसोन त्या रिसेप्टरवर टिकत नाही. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिन नेमके हेच विकर अडवते. ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेणाऱ्याचा रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरते, आणि तपासणीत अल्डोस्टेरॉन मात्र कमी निघते! वर्गात हे सांगितले की मागच्या बाकांवरच्या माना वर होतात.

अल्डोस्टेरॉन स्वतःच बेलगाम झाले, तर त्याला कॉन सिंड्रोम म्हणतात. जेरोम कॉन यांनी त्याचे वर्णन 1955 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथीतल्या छोट्याशा गाठीनेही हे होते. म्हणून तीन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, किंवा पोटॅशियम विनाकारण कमी दिसत असेल, तर डॉक्टर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र मोजतात. रेनिन दबलेले असताना अल्डोस्टेरॉन चढेच असेल, तर ग्रंथी कोणाच्याही हुकमाविना काम करते आहे असा संशय बळावतो. गाठ एकाच बाजूला असल्यास ती ग्रंथी काढता येते; दोन्ही बाजूंचा दोष असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध तो रिसेप्टरच अडवून धरते.