बारा पिक्सेल

गेल्या शनिवारी रात्री दीडच्या सुमारास मी एका फुटलेल्या ताऱ्याची कड सरकताना पाहिली. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

शर्मिष्ठा मला बाबांनी दाखवली. १९९२ सालचा नोव्हेंबर, साताऱ्याच्या घराची गच्ची, पाण्याच्या टाकीवर ते इंग्रजी एम. त्याच तारकासमूहात कॅसिओपिया ए, म्हणजे ह्या फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. अंतर सुमारे ११ हजार प्रकाशवर्षं. त्या स्फोटाचा प्रकाश साधारण ३५० वर्षांपूर्वी इथवर पोचला, म्हणजे अवशेष म्हणून अगदी कोवळा. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण आतला वायू कोट्यवधी अंश तापलाय आणि तो क्ष-किरणांत झगमगतो. ते किरण आपलं वातावरण खाली येऊ देत नाही, त्यामुळे दुर्बीण वरच न्यावी लागते.

चंद्रा दुर्बीण १९९९ च्या जुलैत कोलंबिया यानातून गेली. तिचे आरसे मला फार आवडतात. क्ष-किरण समोरून आले तर आरशात घुसून जातात. चपटा दगड पाण्यावर तिरका मारला की टप्पे घेत जातो, तसे ते घासून गेले तरच वळतात. म्हणून एकात एक बसवलेली नळकांडी, आतून इरिडियमचा मुलामा. ऑगस्टमध्ये जाहीर झालेलं तिचं पहिलं चित्र ह्याच अवशेषाचं होतं. मधोमध एक बारीक ठिपका निघाला, आधी कुणालाच न दिसलेला: ताऱ्याचा उरलेला गाभा.

ही निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. मी दोन घेतली, २००० च्या जानेवारीतलं आणि २०१९ चं, प्रत्येकी सुमारे १४ तासांचं. फाइलमध्ये चित्र नसतंच, यादी असते. एका ओळीत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण: कधी आला, कुठे पडला, ऊर्जा किती. खाली खाली जाताना एक ओळ दिसली, ऊर्जा १,८५० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ. तापलेलं सिलिकॉन ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं, ती ऊर्जा हीच. त्या ताऱ्याच्या पोटात शिजलेल्या सिलिकॉनचा हा एक प्रकाशकण असणार, आणि तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर! मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

दोन संध्याकाळी मात्र फुकट गेल्या. २०१९ चं चित्र अंधूक येत होतं आणि मला वाटलं, अवशेषच विझत चाललाय. कारण दुर्बिणीत निघालं. किरण टिपणाऱ्या शोधकापुढच्या गाळणीवर वर्षानुवर्षं एक पातळ थर साचत गेलाय आणि तो कमी ऊर्जेचे किरण खातो. मग ४ ते ६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन तेवढे ठेवले. बाकीचा झगमगाट गेला आणि बाहेरच्या कडेला केसासारख्या रेषा उरल्या. स्फोटातून निघून बाहेर पसरणारी आघात-लाट जिथे पोचलीय ती हीच जागा. तिथे जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत चमकतात.

मधला ठिपका दोन्हीकडे जुळवला. तोही सरकतो, पण ह्या काळात फार तर पिक्सेलभर. मग दोन चित्रं आलटून पालटून लावली आणि ती रेषा बाहेर गेली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मोजलं तर सुमारे बारा पिक्सेल. एक पिक्सेल जवळपास अर्धी विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे वर्षाला ०.३ विकला. त्या अंतरावर हा वेग सेकंदाला पाच हजार किलोमीटरच्या आसपास येतो. संशोधकांचा आकडाही एवढाच आहे, हे ठाऊक असूनही तो स्वतःच्या वहीत उमटला तेव्हा हात थरथरला.

सकाळी चहाआधीच बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"हे हललं?"

"हललं, बाबा. एकोणीस वर्षांत एवढं."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "गच्चीवर तुला दाखवली तेव्हा कड कुठे होती गं?"

हे मला सुचलंच नव्हतं. सात वर्षं मागे जायचं, म्हणजे साधारण साडेचार पिक्सेल. २००० च्या रेषेच्या आत तेवढं मोजून एक पिवळं टिंब दिलं. बाबांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "साल पण लिही शेजारी."