बन काढून देतो ना!

सहलीच्या पाच दिवसांत काय काय पाहिलं ते विचारू नका. संग्रहालय झालं, नदीकाठ झाला, किल्ला चढलो, फोटो आहेत. माझ्या लक्षात राहिलाय तो एक बर्गर.

मला सीलिअॅक आहे, म्हणजे काही धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, आणि वर मी शाकाहारी. म्हणजे मांस-मासे नाहीतच, पण गहू, बार्ली, राय ही धान्यंसुद्धा बंद. सोबतच्यांना याचा कंटाळा येतो, हे मला दिसतं. मलाही येतोच की.

तिसऱ्या दिवशी मात्र हट्टच धरला. दोन्ही हातांत धरून, चारचौघांसारखा बर्गर खायचा. पहिल्या ठिकाणी वेटर मोठ्या उदारपणे म्हणाला, "बन काढून देतो ना! लेट्यूसमध्ये गुंडाळतो." पॅटीत काय आहे? "भाज्या." अहो, भाज्या आपणहून एकमेकींना धरून बसत नाहीत. त्यांना बांधायला काहीतरी लागतं आणि बरेचदा तो ब्रेडचा चुरा असतो. तो आत जाऊन विचारून आला. "थोडासाच आहे."

दुसरीकडे पॅटी सेइटानची. सेइटान म्हणजे कणकेतला स्टार्च धुऊन काढल्यावर उरलेलं निव्वळ ग्लूटेन. बाहेर पडलो.

तिसरीकडे पॅटी वाटाण्याच्या प्रथिनांची, बनही ग्लूटेन-फ्री. मी जवळजवळ बसलेच होते, तेवढ्यात तवा दिसला. त्यावर साधे बन भाजणं चालू होतं. "इतका तापलेला असतो, सगळं जळून जातं," तव्यावरचा माणूस म्हणाला. जंतू मरत असतील, ग्लूटेन असं तापवून जात नाही. पदार्थाला ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तव्यावरचा चुरा काही ती मोजून पडत नाही. मागे एकदा अशाच ठिकाणी भूक अनावर होऊन खाल्लं होतं आणि पुढचे दोन दिवस बाथरूमच्या फरश्या मोजल्या होत्या.

ऐकीव माहितीवरही जाऊ नका. 'इम्पॉसिबल बर्गर' या ब्रँडच्या बिनमांसाच्या पॅटीत आधी गव्हाचं प्रथिन होतं, 2019 मध्ये त्याजागी सोया आलं. तेव्हा आपल्या आठवणीपेक्षा पाकिटावरचा मजकूर वाचावा. हे मी सांगतेय, जिचा चष्मा नेमका खोलीवर राहिला होता.

चौथं ठिकाण म्हणजे एका गल्लीत चार टेबलं. काउंटरवरच्या बाईंनी माझं वाक्य मध्येच तोडलं. "सीलिअॅक आहे, की नुसतं टाळता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न समोरून पहिल्यांदाच आला. सीलिअॅक म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, हातमोजे बदलले आणि वरच्या फळीवरून एक छोटा तवा काढला. त्याच्या दांड्याला लाल टेप गुंडाळलेली. तो फक्त यासाठीच, म्हणाल्या. पॅटीत काळे बीन्स, भात, किसलेलं बीट आणि बांधायला जवसाची पूड. बन तांदळाच्या पिठाचा, त्यात इसबगोल.

मी खुशीत येऊन फ्राइजही मागितल्या. "नाही. त्या देणार नाही." त्याच तेलात मैद्यात बुडवलेल्या कांद्याच्या चकत्या तळतात म्हणे. मी घेतल्या असत्या तर त्यांचा गल्ला वाढला असता, मला काही कळलंही नसतं. नकार ऐकून डोळे भरून येण्याची माझी ही पहिलीच वेळ. मैत्रिणीला वाटलं तिखट लागलं. अजून ताट आलंही नव्हतं.

बर्गर? ग्लूटेनचा चिवटपणा नसला की बन तिसऱ्या घासाला भुगा होऊन मांडीवर येतो, हा नेहमीचा अनुभव. हा दोन्ही अंगांनी भाजलेला होता, त्यामुळे टिकला. पॅटीच्या कडा कुरकुरीत, आत मऊ, मीठ जरा जास्त. बोटं बिटाने लाल झाली. शेवटच्या घासाला बन फुटलाच, तो मी ताटलीतून बोटाने टिपून खाल्ला.

चौथा दिवस पावसात गेला.

शेवटच्या दिवशी गाडीच्या आधी दोन तास होते. सामान ओढत, मैत्रिणीची बोलणी खात पुन्हा त्या गल्लीत गेले. दाराला कुलूप, साप्ताहिक सुट्टी. काचेला नाक लावून पाहिलं तर वरच्या फळीवर लाल टेपवाला तवा उपडा घातलेला. पिशवीतलं केळं काढलं आणि तिथेच पायरीवर बसून खाल्लं.