सरळ चाकात लपलेली चीर

गाडी ब्रेकसाठी आली होती. "वळताना उजवीकडून कटकट होते, पॅड संपले असतील," मालक म्हणाले. चाक काढलं तर पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. पण रिमच्या आतल्या बाजूला आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर काळे चिकट शिंतोडे. हाताखालचा पोरगा लगेच म्हणाला, "काका, शॉक अॅब्सॉर्बर गळतोय." शॉकचं तेल पातळ, ते खाली ओघळतं. हे मात्र घट्ट होतं आणि गोल पट्ट्यात उडालेलं. असा पट्टा फिरणाऱ्या वस्तूतूनच उठतो.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. त्याच्या चाकाकडच्या सांध्यावरचं, म्हणजे जॉइंटवरचं, चुण्यांचं रबरी आवरण म्हणजे बूट. तो वरून धडधाकट दिसत होता. पोराला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं. रबराच्या चुण्या ताणल्या आणि एका चुणीच्या तळाशी बोटभर चीर आ वासून उभी राहिली.

मी गप्प झालो. मागच्या सर्व्हिसला "बूट ठीक" अशी खूण मीच केली होती. तेव्हा गाडी लिफ्टवर, चाकं सरळ. बॅटरीचा झोत मारला आणि पुढे गेलो. चीर तेव्हा होती की नव्हती, देव जाणे. चुण्या उघडून पाहिल्या नव्हत्या, एवढं खरं.

मालकांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "मग नुसता बूट बदलून भागेल ना?"

भागलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. बुटावर गाडीचा भार नसतो. आत ग्रीस धरून ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर अडवायचं, एवढंच त्याचं काम. पण जॉइंटमधलं ग्रीस दोन बोटांत चोळलं तर वाळू लागल्यासारखं कचकचलं. वळताना कटकट होतीच. जॉइंट उघडला: सहा गोळ्या, आणि ज्या खाचांतून त्या फिरतात तिथे खड्डे. मी त्यांना तोच जॉइंट हातात दिला. नवीन घालायला ते तयार झाले. मजुरी मी घेतली नाही.

डावीकडे नशीब बरं होतं. बुटाच्या चुणीत बारीक तडे, पण आरपार एकही नाही, ग्रीस स्वच्छ, आवाज नाही. तिथे फक्त बूट बदलला. जुनं ग्रीस पूर्ण पुसून किटमधलं सगळंच्या सगळं भरलं. (थोडं वाचवून ठेवणारे मी पाहिलेत. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.) शाफ्ट चाकाशी धरून ठेवणारा हबचा नट नवीन, ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क रेंचने आवळला.

मोकळ्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळवून चालवली. कटकट गेली होती. परत आल्यावर पोरगा न सांगता चाकाखाली वाकला. "काका, डावा बूट आत ओढल्यासारखा दिसतोय."

बरोबर होतं. बुटाची कड शाफ्टवर धरणारी क्लिप आवळण्याआधी आतली हवा बाहेरच्या हवेशी समान करायची मी विसरलो होतो. लहान क्लिप तोडून काढली, बुटाची कड बोथट पेचकसाने जरा उचलली. फुस्स झालं, चुण्या जागेवर आल्या. नवी क्लिप त्यानेच आवळली.