पाटीवरचं साल

वृद्धाश्रमाच्या फाटकावर 'स्थापना १९५३' अशी पाटी होती. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचा म्हणून विश्वस्तांनी धर्मादाय आयुक्त कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीची नक्कल, माझ्यापुढे ठेवला. त्यातही १९५३च. पण ते साल नोंदणीचं. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० चा आणि अंमल १९५२ पासून. मग जुन्या संस्थांनाही नोंदणी करावी लागली. त्यामुळे १९५२-५३ दिसलं की मी आधी जुनं दप्तर मागतो.

ते कोठीच्या माळ्यावर सापडलं, लाल रुमालात बांधलेलं. कडा कसरीने खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. अशी पानं ओढायची नाहीत, उन्हातही टाकायची नाहीत. सावलीत वाऱ्यावर ठेवून मऊ ब्रशने सोडवायची. पहिल्या दोन पानांना कुणीतरी सेलोटेप लावला होता. डिंक तपकिरी होऊन अक्षरं गेली होती. जुन्या कागदांना वाळवीइतकीच भीती या दुरुस्त्यांची असते.

रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोडी लिपीत होती. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून आधी आकडे आणि तिथ्या लावून घ्यायच्या, नावं शेवटी. तिसऱ्या पानावर 'माघ शुद्ध ५ शके १८४९'. इसवी सनासाठी ७८ मिळवले की १९२७ येतं आणि इथेच चूक होते. माघ, फाल्गुन १ जानेवारीनंतर येतात, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे १९२८.

'वृद्धाश्रम' हा शब्द वहीत कुठेच नाही. 'पंगु', 'अनाथ', 'सदावर्त' हे शब्द शोधावे लागतात. पुण्याच्या 'निवारा' वृद्धाश्रमाचं जुनं नावही डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह. म्हातारे, आंधळे, लुळे तेव्हा एकाच छपराखाली असत.

पण भाकरीचा खर्च दिसला म्हणजे माणसं तिथे राहत होती असं होत नाही. सदावर्तात जेवून लोक पुढे जातात. मुक्काम कळतो तो घोंगड्या, रात्रीच्या दिव्याचं तेल, न्हाव्याचे पैसे आणि रोज तीच ती नावं यांवरून. हे सगळं त्या वहीत होतं. फाल्गुनात एका नावापुढे 'सरणास लाकडे' असा खर्च, आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाव नाही. माणूस संस्थेचाच होता, याहून पक्का पुरावा कुठला मागायचा?

पहिली दोन पानं वाचता येत नाहीत, त्यामुळे नेमका आरंभ सांगता येत नाही. नव्या पाटीवर लिहिलं: 'किमान १९२८ पासून. नोंदणी १९५३.'