ऑल्कॉट तळ्याच्या दोन भेटी

एप्रिलमधील एका शनिवारी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोहून निघून आम्ही डिक्सनमार्गे सोलानो काउंटीतील जेप्सन प्रेअरी या राखीव माळावर पोहोचलो, तेव्हा प्रथमदर्शनी माझी थोडी निराशाच झाली. सपाट गवताळ जमीन, दक्षिणेच्या टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या, टोपी डोक्यावर टिकू न देणारा वारा आणि समोर सुमारे ९० एकरांवर पसरलेले, चहासारख्या गढूळ पाण्याचे ऑल्कॉट तळे. आम्ही पावसाने भरून उन्हाळ्यात आटणाऱ्या हंगामी तळ्यांतील जी फुले पाहायला आलो होतो ती त्या मोठ्या तळ्यापेक्षा भोवतीच्या लहान खळग्यांत अधिक आहेत, हे वाट दाखवणाऱ्या स्वयंसेविका बाईंनी गुडघे टेकायला लावल्यावर कळले.

खळगा जेमतेम वीस पावलांचा होता. काठाशी लॅस्थेनियाच्या पिवळ्या फुलांचे कडे, त्याला लागून प्लॅजिओबोथ्रिसची बारीक पांढरी फुले आणि मध्यभागीच्या ओल्या चिखलात डाउनिंजियाची निळी-पांढरी गर्दी. कोणी रांगोळी रेखावी तशी ही कडी दिसतात, परंतु ती पाणी रेखते. खोलीत चार बोटांचा फरक पडला की पाणी साचून राहण्याचे दिवस बदलतात, आणि कोणत्या रोपाने कोठे उभे राहायचे हे त्या दिवसांवर ठरते.

येथे पाऊस थंडीत पडतो, ही गोष्ट मृग नक्षत्राकडे डोळे लावून वाढलेल्या माझ्या मनाला अजूनही पचलेली नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च पडलेले पाणी मातीखालच्या घट्ट चिकण थरामुळे मुरत नाही. नंतरचा उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा जातो. साचलेल्या पाण्यात माळावरचे नेहमीचे गवत गुदमरते आणि बारमाही पाणवनस्पतींना उन्हाळा संपवतो, त्यामुळे दोन्ही टोके सोसू शकणाऱ्या, बहुतांशी एका हंगामाच्या वनस्पतींनाच ही जागा मोकळी राहते. माझ्या मते या तळ्यांचे रक्षण पाण्याइतकेच दुष्काळही करतो.

एका खळग्यात गवताच्या पात्यांसारखी दिसणारी आयसोइटिस ही वनस्पती दाखवली गेली आणि मी एकदम पाचगणीला पोहोचलो, कारण तेथील टेबललँडवरच्या पावसाळी डबक्यांतही आयसोइटिसचीच एक जाती वाढते आणि तिच्या शास्त्रीय नावात पाचगणीच आहे. कॅलिफोर्नियातील आयसोइटिस हॉवेलाय पाण्याखाली असताना रात्री कार्बन डायऑक्साइड साठवते आणि दिवसा वापरते, हे वनस्पतींचे अभ्यासक जॉन कीली यांनी १९८१ मध्ये मांडले. वाळवंटातील निवडुंगाची ही युक्ती डबक्यात कशाला, असे वाटते. पण दाटीच्या उथळ पाण्यात दिवसा सगळ्यांनी ओढून घेतल्यावर हा वायू उरतोच किती!

फुलांवर बारीक माश्या होत्या. पोळे न करता एकेकट्या राहणाऱ्या या मधमाश्यांपैकी काही जाती ठरावीक फुलांच्याच परागावर पिल्ले वाढवतात, आणि त्यांची बिळे मात्र भोवतीच्या कोरड्या उंच जमिनीत असतात. म्हणजे खळग्याला कुंपण घालून भोवतालचा माळ नांगरला, तर फुले राहतील आणि माश्या जातील. सेंट्रल व्हॅली या कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातील अशी ९० टक्क्यांहून अधिक तळी शेती आणि वस्तीखाली नाहीशी झाली, असा अंदाज सांगितला जातो. माळावर मेंढ्या चरताना पाहून आम्ही नाक मुरडले होते, पण चराई बंद केल्यास परदेशी गवत माजते आणि तळी लवकर आटतात, असे स्पष्टीकरण मिळाल्यावर आम्ही गप्प बसलो.

जूनअखेरीस मी एकटाच परत गेलो. ऑल्कॉट तळ्याच्या जागी भेगाळलेला पांढुरका चिखल होता. याच तळ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बीचर क्रॅम्प्टन यांना १९५८ मध्ये सोलानो गवत सापडले. पाणी ओसरल्यावर भर उन्हाळ्यात फुलणारे हे चिकट गवत १९७८ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. ते काही मला दिसले नाही. दिसले ते इरिंजियम नावाचे रोप, ज्याची पाण्यातली पाने पोकळ व मऊ असतात आणि कोरड्यातली काटेरी. एप्रिलमध्ये ज्यावरून बोट फिरवले होते, त्याच झुडपाचे काटे मी गाडीच्या दारात बसून बराच वेळ मोज्यांतून उपसत होतो.